सातेरी घ्यावी की मेलिफेरा? पोळं तपासण्याच्या बाजूने विचार

मधपेटी घ्यायची म्हटली की पुण्यातले बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, मध किती मिळेल? मी उलट विचारते: पेटी उघडून पोळी तपासायला तुम्हाला किती वेळा जमणार आहे? सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, की मेलिफेरा, म्हणजे मूळची युरोपीय मधमाशी, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

निरोगी पोळ्याची मांडणी दोघींची सारखीच. मध्ये ब्रूड, म्हणजे अंडी, अळ्या आणि बंद कोष. भोवती परागाचा पट्टा. वरच्या कडेला मध. ऊन पाठीवर घेऊन फ्रेम, म्हणजे पोळं धरणारी लाकडी चौकट, किंचित तिरकी धरली की पोळ्यातल्या सहाकोनी घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरं अंडं दिसतं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, तिसऱ्या दिवसापर्यंत आडवं होतं. उभी अंडी दिसली की राणी आहे असं समजावं, तिला शोधत बसू नये. मात्र एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली असतील, तर बहुधा राणी गेलेली असते आणि कामकरी माश्याच अंडी घालत असतात. अशी वसाहत स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

खरा फरक हाताळताना कळतो. मेलिफेरा झाडांचा चीक आणून फ्रेमच्या कडा घट्ट चिकटवते, त्यामुळे पटाशी लागते. पण फ्रेम सुटली की माश्या पोळ्यावर बऱ्यापैकी स्थिर राहतात आणि घर न् घर बघता येतं. नवशिक्यासाठी हे फार मोलाचं. सातेरी असा चीक वापरत नाही. फ्रेम अलगद वर येते, पण माश्या सैरावैरा धावतात आणि खालच्या कडेला त्यांचा झुबका लोंबू लागतो. तिला वरचेवर उघडलं तर ती पेटी सोडून निघून जाऊ शकते. दहा-पंधरा दिवसांतून एकदा, मोजकंच बघावं.

रोगांच्या बाबतीत दोघींचे प्रश्न वेगळे. सातेरीला थाई सॅकब्रूडचा धोका मोठा. हा विषाणू अळीला कोष होण्याआधीच मारतो. अळी डोकं वर करून पडलेली असते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेली पिशवीच हातात येते. त्यावर औषध नाही, म्हणून अशी एक जरी अळी दिसली तरी मी ती वसाहत नाकारते. दुसरा त्रास मेणकिड्याचा. सातेरी पेटीचा तळ नीट साफ करत नाही, त्या कचऱ्यात किडा वाढतो आणि पोळ्यात जाळी विणत जातो. पावसाळ्यात माश्या कमी झाल्या की हे हमखास होतं, तेव्हा तळफळी पुसणं आणि रिकामी पोळी काढणं चुकवू नये. सातेरीच्या नर-कोषांच्या टोपीला मधोमध बारीक छिद्र असतं. तो रोग नव्हे, घाबरू नका.

मेलिफेराचा मोठा शत्रू वरोआ. हा माश्यांवर जगणारा बारीक कोळी सातेरीत मुख्यतः नरांच्या ब्रूडमध्येच वाढतो, मेलिफेरात कामकऱ्यांच्याही. काही नर-कोष उघडून पांढऱ्या कोषांवर तांबूस ठिपके हलताना दिसतात का, ते पाहा. पंख चुरगळलेल्या कोवळ्या माश्या दिसल्या तर प्रादुर्भाव वाढलेला असतो. ही तपासणी नेमाने करायला हवी. ती जमणार नसेल तर मेलिफेरा घेऊ नये.

जागेचंही बघा. मुळशी, भोरकडे जांभूळ, हिरड्याचं रान असेल तर सातेरी. शिरूर, पुरंदरकडे डाळिंब, सूर्यफूल किंवा कांद्याच्या बियाण्याचं पीक असेल आणि फुलोऱ्यामागे पेट्या हलवायची तयारी असेल, तर मेलिफेरा. ती पेटीमागे मध जास्त देते, पण फुलं नसताना साखरेचा पाकही जास्त मागते. घरची एखाद-दुसरी पेटी ठेवणाऱ्याला मी सातेरीच सुचवते.

गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. पैसे देण्याआधी तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा आणि कुणा जाणत्याच्या देखरेखीखाली दोन्हींच्या फ्रेम हातात धरून बघा. खरेदीला ऊन चढल्यावर जा, मधल्या दोन फ्रेम स्वतः उचला. विकणारा पेटी उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.