हात फिरवला की लागणारा दिवा

मॉडेल रेल्वेत रुळांचे ब्लॉक, म्हणजे वेगळे तुकडे पाडतात, आणि तुकड्यात गाडी आहे का हे ब्लॉक डिटेक्टर सांगतो. ‘ब्लॉक डिटेक्टर आणि सिग्नलचा संच. कोणत्याही गाडीवर, डीसी-डीसीसी दोन्हींवर चालतो, थेट जोडा.’ जाहिरात अशी (डीसी म्हणजे साधा एकदिश प्रवाह, डीसीसी म्हणजे रुळांतूनच इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी पद्धत), आणि खोक्यातून निघते तीन पिनांची इवलीशी पट्टी: एक पारदर्शक एलईडी, एक काळा, शेजारी एलएम ३९३ ही चिप आणि संवेदनशीलता ठरवणारा निळा प्रीसेट. हा ब्लॉक डिटेक्टर नव्हेच, साधा इन्फ्रारेड सेन्सर आहे. त्याला फक्त नाकासमोरचे काही सेंटिमीटर दिसतात. गाडी ब्लॉकमध्ये उभी आहे, पण सेन्सरवर डबा नाही, की सिग्नल हिरवा. मागची गाडी येऊन धडकते.

टेबलावर हात फिरवला की दिवा लागतो, म्हणून लबाडी लवकर उघडी पडत नाही. रुळाखाली बसवल्यावर काळ्या बुडाचे डबे इन्फ्रारेड गिळून टाकतात आणि दोन डब्यांमधल्या फटीत सिग्नल फडफडतो.

खरा ब्लॉक डिटेक्टर प्रवाह ओळखतो. ब्लॉकचा एक रूळ दोन्ही टोकांना तोडायचा आणि त्याला वीज देणारी फीडर वायर डिटेक्टरमधून न्यायची. इथेही दुसरी थाप असते. वायर आरपार जाणारी कॉइल असेल, तर ती करंट ट्रान्सफॉर्मर. डीसीसीवर उत्तम, साध्या डीसीवर ठार मुकी. डायोडवाला दोन्हींवर चालतो, पण त्यात १ अँपिअरचे १एन४००७ ठोकलेले असतील तर ५ अँपिअरच्या बूस्टरवर (रुळांना डीसीसीची वीज देणाऱ्या पेटीवर) शॉर्ट झाला की जळू शकतात. निदान ३ अँपिअरचे १एन५४०८ हवेत. ‘कोणतीही गाडी’ हेही खोटंच: साधा डबा प्रवाह घेत नाही, त्याच्या एका आसावर १० किलोओमचा रेझिस्टर लागतो.

त्याच रेझिस्टरने चाचणी करा. इंजिन उचलून ठेवा, दोन रुळांवर १० किलोओम टेकवा. १४ व्होल्टला १.४ मिलिअँपिअर वाहतात. डिटेक्टर गप्प राहिला तर कॉइलमधून वायरचे दोन-तीन वेढे घ्या. तरीही गप्प, तर परत पाठवा. जोडणी क्रोकोडाइल क्लिपांनीच करा, सोल्डर लागलेला माल परत घ्यायला विक्रेते खळखळ करतात.

परतीची मुदत टळली असेल तर ती पट्टी एका जागेपुरती वापरता येते. कॉमन अ‍ॅनोड (दोन्ही एलईडींची धन बाजू एकत्र असलेला) सिग्नल घ्या, अ‍ॅनोड ५ व्होल्टला. लाल ४७० ओममधून आउट पिनला. हिरवाही ४७० ओममधून, पण बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला. बेसला आउटकडून ४७ किलोओम द्या. तिथे १० किलोओम लावला की हिरव्यासोबत लालही मिणमिणतो.