फ्रेंचमध्ये खोली मागता येते, उत्तर मात्र कळत नाही : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

सुट्टीतल्या मुक्कामासाठी जागा ठरवणे आणि त्या जागेविषयी बोलणे फ्रेंचमधून जमावे, एवढ्याच मर्यादित हेतूने तयार केलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी गेल्या वर्षी पूर्ण केला आणि त्यानंतर फ्रान्समधील दोर्दोन्य भागात, सार्लाजवळच्या एका भाड्याच्या घरात आठवडाभर राहून तो कितपत उपयोगी पडतो हेही पाहिले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जो दोष मला खटकला तो त्या एकट्याचा आहे असे मला वाटत नाही. हा अभ्यासक्रम प्रश्न विचारायला उत्तम शिकवतो. समोरून येणारे उत्तर ऐकून समजून घ्यायला मात्र जवळजवळ शिकवतच नाही.

आधी गुणांविषयी. निवासाचे प्रकार त्यात अतिशय नेमके समजावले आहेत. ‘झीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह मिळणारे स्वतंत्र घर, जे उन्हाळी हंगामात बहुधा शनिवार ते शनिवार अशा मुदतीनेच दिले जाते; ‘शांब्र दोत’ म्हणजे यजमानाच्या राहत्या घरातली खोली, जिच्या भाड्यात सकाळची न्याहारी धरलेली असते आणि जिथे कायद्याने जास्तीत जास्त 5 खोल्या व 15 पाहुणे एवढीच मर्यादा आहे. हा फरक नीट कळल्यामुळे माझे बरेच गोंधळ टळले. इंग्रजीच्या आधारावर फ्रेंच शिकणाऱ्यांची जिथे हमखास फसगत होते, तिथेही सावध केलेले आहे : ‘लोकास्यों’ म्हणजे ठिकाण नव्हे, भाडेपट्टी, ‘कोस्यों’ म्हणजे सावधगिरी नव्हे, अनामत. ‘प्येस’ म्हणजे घरातली खोली आणि ‘शांब्र’ म्हणजे झोपायची खोली, हा भेद तर सोन्यासारखा आहे, कारण जाहिरातीत ‘दोन प्येस’ लिहिलेले असले तर ती एक बैठकीची खोली आणि एक झोपायची खोली असते, दोन झोपायच्या खोल्या नव्हेत. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या मोजणीत येत नाहीत.

पैशांवरचा पाठ मला सर्वांत आवडला, आणि त्यात मराठी वाचकाला एक आयता फायदा आहे. आगाऊ रकमेसाठी फ्रेंचमध्ये ‘आर’ आणि ‘आकोंत’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांचे कायदेशीर परिणाम वेगळे आहेत. ‘आर’ म्हणजे आपला विसारच : आपण माघार घेतली तर तो बुडतो, पण जागा देणाऱ्याने शब्द फिरवला तर त्याला दुप्पट रक्कम परत करावी लागते. ‘आकोंत’ मात्र पक्क्या व्यवहाराचा पहिला हप्ता असतो. तो दिल्यावर बेत रद्द केला तर उरलेली रक्कमही मागितली जाऊ शकते. व्यावसायिकाशी केलेल्या करारात रक्कम कोणत्या प्रकारची हे लिहिलेले नसेल, तर ती ‘आर’ समजली जाते. इंग्रजीतून शिकवणाऱ्या त्या पाठात हे समजावायला दोन पाने खर्ची पडली आहेत; ‘विसार’ ऐकत वाढलेल्या माणसाला एक ओळ पुरते. तळमजला आणि पहिला मजला यांचेही तसेच, कारण फ्रेंचांचा पहिला मजला आपल्यासारखाच जिना चढल्यावर लागतो. ‘ताक्स द सेझूर’ हा स्थानिक कर दर माणशी दर रात्री आकारला जातो आणि अल्पवयीन मुलांना तो माफ असतो, एवढे सांगून पाठ पुढे सरकतो, आणि ते योग्यच आहे.

व्याकरणाची मांडणी ठीक आहे. ‘राहत होतो’ आणि ‘राहिलो’ यांतला फरक आपल्या भाषेत मुरलेला असल्यामुळे फ्रेंचच्या दोन भूतकाळांची मराठी माणसाने फारशी धास्ती घेऊ नये. खोली, किल्ली आणि खिडकी तिकडेही स्त्रीलिंगीच आहेत. चादर मात्र पुल्लिंगी, हे लक्षात ठेवावे लागते.

आता तक्रारीचा भाग. संख्यांचा सराव पडद्यावर अंक दाखवून घेतला जातो, म्हणजे आकडा डोळ्यांसमोर असतो आणि आपण तो वाचायचा असतो. प्रत्यक्षात उलटे घडते. फ्रान्समध्ये दहा अंकी दूरध्वनी क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगतात, आणि 70 म्हणजे साठ-दहा, 80 म्हणजे चार विसा, 90 म्हणजे चार विसा दहा अशी तिथली मोजणी असल्यामुळे ‘कात्र-वँ’ (चार विसा) ऐकू आले की पुढे काय येते याची वाट पाहावी लागते. सार्लाच्या घरमालकीणबाईंनी फोनवर त्यांच्या मुलाचा क्रमांक सांगितला, तेव्हा मी 80 लिहिले, ते खोडून 90 केले, तेही खोडून 97 केले, आणि तोवर पुढच्या दोन जोड्या निघून गेल्या होत्या. ‘सत्त्याण्णव’ म्हणताना आपण तर दशकाचा आकडा शेवटीच उच्चारतो, तेव्हा शब्द संपेपर्यंत पेन थांबवून ठेवण्याची सवय आपल्याला लावता आली असती. त्यासाठी ऐकून लिहून घेण्याचा अर्ध्या तासाचा सराव पुरला असता, आणि तोच या अभ्यासक्रमात नाही. ई-मेलचा पत्ता सांगताना लागणारा ‘आरोबाझ’ (@ हे चिन्ह) हा शब्दही मला त्याच फोनवर पहिल्यांदा ऐकायला मिळाला.

त्याच संभाषणात बाईंनी ‘वी झूर?’ म्हणजे ‘आठ दिवस?’ असे विचारले. मी पाठातल्या पद्धतीने, नम्रपणे आणि ठामपणे, ‘नाही, सात’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली, मग त्या शनिवारपासून दिवस मोजू लागल्या. फ्रेंचमध्ये ‘आठ दिवस’ म्हणजे एक आठवडा आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. ज्या भाषेत ‘आठवडा’ आणि ‘पंधरवडा’ हे शब्द आहेत, ज्या भाषेत ‘आठ दिवसांनी येतो’ म्हणणारा माणूस पुढच्या त्याच वारी हजर होतो, ती भाषा बोलणाऱ्या बाईने इथे अडखळावे, याचे मला अजून वाईट वाटते. मी इंग्रजीतून विचार करत होते, हाच त्यातला खरा दोष, आणि त्याचे खापर पूर्णपणे अभ्यासक्रमावर फोडता येणार नाही.

जागेविषयी मत मांडण्याचा शेवटचा पाठ सर्वांत कच्चा आहे. विशेषणांची लांबलचक यादी, तीही शब्दकोशातून उतरवल्यासारखी : प्रशस्त, सुसज्ज, गोंगाटाची, अस्वच्छ. लोक ज्या शब्दांत बोलतात ते शब्द त्या यादीत नाहीत. ‘पा माल’ याचा शब्दशः अर्थ ‘वाईट नाही’, पण ती चांगली दाद असते. ‘पा तेरीब्ल’ याचा अर्थ ‘भयंकर नाही’ असा वाटतो, पण प्रत्यक्षात तो ‘काही खास नाही’ असा नापसंतीचा शेरा असतो. ज्यांना फ्रेंचची प्राथमिक ओळख आहे आणि मुख्यतः ई-मेलनेच जागा ठरवायची आहे, त्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. ज्यांना यजमानाशी समोरासमोर बोलायचे आहे, त्यांनी सोबत बोलत्या फ्रेंचच्या ध्वनिमुद्रणांची व्यवस्था स्वतः करावी.

निघण्याच्या दिवशी घराच्या स्थितीची नोंद झाली, भांडी मोजून झाली, अनामत परत मिळाली, आणि दारात बाईंनी घर कसे वाटले असे विचारले. घर मला मनापासून आवडले होते. ‘अगदी छान’ असे म्हणायचे म्हणून मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘पा तेरीब्ल’ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला आणि काय कमी पडले, असे त्यांनी काळजीने विचारले. तक्रारीच्या पाठातले एकच वाक्य मला त्या वेळी अस्खलित आठवत होते, ‘गरम पाणी येत नाही’, आणि गरम पाणी तर आठही दिवस उत्तम येत होते.