जुनी चेतक घ्यायची असेल तर

राहुल बजाज 1968 मध्ये बजाज ऑटो कंपनीचे प्रमुख झाले, 1972 मध्ये कंपनीची चेतक स्कूटर आली. परमिट राजमध्ये उत्पादन वाढवायलाही सरकारची परवानगी लागे. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. अशा बाजारात गाडी सुधारायची घाई कुणाला असणार? चेतक फारशी बदललीच नाही. आज जुनी घेणाऱ्याचा फायदा नेमका त्यातच. बरेचसे पार्ट इकडचे तिकडे बसतात, आणि बेळगावातला जुना मेस्त्री ती डोळे मिटून खोलतो.

हे सगळं 145 सीसीच्या टू-स्ट्रोकबद्दल, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं त्या इंजिनाबद्दल. घेताना आधी पायाखालचं मॅट उचला. खानापूरकडची, म्हणजे भरपूर पावसातली, गाडी असेल तर तिथं पाणी साचून पत्रा कुजलेला असतो. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. वरचा नवा रंग बघून भुलू नका. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा.

पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला 20 मिली, म्हणजे पाच लिटरला 100. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. जास्त झालं तर धूर, काळा प्लग आणि कार्बननं तुंबलेला सायलेन्सर. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. नाहीतर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, ऑइल तेवढं उरतं आणि जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, चोंदतो. मग किक मारत बसा.

पावसाळ्यात पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर स्पार्क पाडणारी, गाडी जास्त रुसते. पॉइंटला ओल धरते, स्पार्क मिळत नाही. बारीक पॉलिश पेपरनं घासून 0.4 मिमी गॅप ठेवली की बहुतेकदा काम भागतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाली मिळाली तर तीच घ्या.

बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला घाट उतरताना ॲक्सिलेटर पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडू नये. इंजिनला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल बंद तर ऑइलही बंद. अधूनमधून थोडी रेस द्यावी. ब्रेक बेताचेच, आणि इंजिन उजवीकडे असल्यानं वजनही तिकडंच. घाटाजवळच्या कणकुंबीच्या पावसात मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरलंच. स्टेपनी मात्र मोठा आधार: पुढं-मागं एकाच मापाचं, 3.50-10 चं चाक. हँडलवरचा गिअर नीट पडत नसेल तर गिअरबॉक्स खोलायच्या आधी केबल ताणून बघा.

2009 मध्ये राहुल बजाज यांच्या मुलानं, राजीव बजाज यांनी, स्कूटर बंद करायचं ठरवलं. वडिलांनी वाईट वाटल्याचं उघड सांगितलं. पण धंदा तोवर मोटरसायकलवर गेला होता. पुढं 2020 मध्ये चेतक नावानं इलेक्ट्रिक आली. नाव तेवढं जुनं, जुन्या गाडीचा पार्ट तिला काही लागत नाही.

रोज ऑफिसला जायला गाडी हवी असेल तर चेतक घेऊ नका. हौस असेल, जवळ मेस्त्री असेल, तर जरूर घ्या. फक्त 15 वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण झालेलं आहे ना, ते पैसे देण्याआधी बघा.