धंतोलीतल्या लॅबचा आयएल-6 टेस्टचा अनुभव, 3 स्टार

आईला संधिवात आहे, सकाळी बोटं वळतच नाही, म्हणून डॉक्टरांनी सीआरपीसोबत (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) इंटरल्युकिन-6 म्हणजे आयएल-6 पण करायला सांगितली, तेही सुजेशी संबंधित प्रोटीनच. धंतोलीतल्या एका लॅबवाल्यांना फोन केला तर पोरगा सात वाजता घरी हजर, एका टोचणीत रक्त काढलं, आईनं हूं की चूं केलं नाही. पण मग त्यानं ट्यूब सरळ गाडीच्या डिक्कीत टाकली न बावा, मे महिन्यात, नागपुरात! म्हटलं दादा आईसबॉक्स कुठाय, तर म्हणे इथून दहाच मिनिटं आहे. अहो ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात, तिथंही आयएल-6 सोडू शकतात, सीरम (रक्तातला पातळ भाग) लवकर वेगळं करून थंडच ठेवा लागते.

रिपोर्ट दोन दिवस लेट. 38 पिकोग्रॅम, नॉर्मल 7 च्या आत, आता हे आईचं की डिक्कीचं कोणाला माहीत.

मात्र तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम एक नंबर. गर्दीतही कागदावर काढून समजावलं, की आयएल-6 हे प्रोटीन पेशीवरच्या रिसेप्टरला (त्याला पकडणाऱ्या जागेला) चिकटते, मग जीपी130 नावाचं दुसरं प्रोटीन जोडीला येते, पेशीच्या आत स्टॅट3 नावाचं प्रोटीन चालू होऊन जीन्स जागे होतात, लिव्हर सीआरपी बनवते, मेंदू ताप चढवते. टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचं इंजेक्शन तो रिसेप्टरच अडवते म्हणे, म्हणून ते घेतल्यावर सीआरपी कमी दिसला तरी इन्फेक्शन नाहीच असं समजू नका.

दोन स्टार डिक्कीपायी कापले. पुढच्या वेळी आईला लॅबमध्येच घेऊन जाईन.