आधी घर की आधी उपचार? पैसे देण्याआधी हे बघा

कॅनडातल्या आमच्या मराठी ग्रुपने यंदा बेघर लोकांसाठी पैसे जमवलेत आणि ते कुठे द्यायचे यावर दोन मतं पडलीत. एक म्हणतात माणूस आधी व्यसनातून बाहेर येऊ दे, मानसिक आजाराच्या गोळ्या नीट घेऊ दे, मग घर. दुसरे म्हणतात आधी घराची चावी हातात द्या, बाकीचं नंतर बघू. मी दुसऱ्या बाजूची आहे, आणि ते नुसतं दया येते म्हणून नाही.

पहिली पद्धत म्हणजे पायऱ्या. शेल्टर, मग तात्पुरती खोली, मग कधीतरी स्वतःचं घर, आणि मधे नशा केली की परत खाली. ऐकायला बरोबर वाटतं, पण रोज रात्री कुठे झोपायचं हेच माहीत नसलेला माणूस गोळ्या वेळेवर कशा घेणार सांगा ना. दुसरी पद्धत हाऊसिंग फर्स्ट, म्हणजे आधी घर, १९९२ मधे न्यूयॉर्कला सॅम त्सेंबेरिस यांनी सुरू केलेली.

कॅनडाने २००९ ते २०१३ व्हँकुव्हर, विनिपेग, टोरांटो, मॉन्ट्रियल आणि मॉन्क्टनमधे मानसिक आजार असलेल्या २,००० हून जास्त बेघर लोकांवर याची चाचणी केली, कोणाला हाऊसिंग फर्स्ट आणि कोणाला शहरात आधीपासून असलेल्या नेहमीच्या सेवा, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून. शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, नेहमीच्या सेवांवर असलेल्यांत ३१ टक्के. दुप्पट! मात्र व्यसन आणि आजाराची लक्षणं दोन्हीकडे जवळपास सारखीच सुधारली, त्यामुळे घर दिलं की दारू सुटते असं कोणाला सांगू नका. खर्चाचं म्हणाल तर ज्यांची गरज जास्त होती त्यांच्यावर घातलेल्या १० डॉलरमागे सरासरी ९.६० डॉलर इतर सेवांमधे वाचले, मध्यम गरजवाल्यांत फक्त ३.४२. म्हणजे बचत होते म्हणून सगळ्यांना घर द्या हा मुद्दा लंगडा आहे, घर हवं म्हणून द्या.

आता घर कसलं, हाही प्रश्न आहेच. त्याच चाचणीत व्हँकुव्हरमधे काहींना शहरभर विखुरलेले भाड्याचे फ्लॅट दिले आणि काहींना बॉसमन हॉटेलमधे एकत्र खोल्या, स्टाफ तिथेच. दोन्हीकडे लोक साधारण तीन चतुर्थांश वेळ पक्क्या घरात टिकले, नेहमीच्या सेवांवर असलेले जेमतेम पाव. आणि मला अपेक्षा नव्हती, पण लोकांत मिसळणं, स्वतःला सावरणं यात एकत्र राहणारेच थोडे पुढे दिसले. म्हणून एकच बिल्डिंग दिसली की लगेच नाक मुरडू नका, काहींना शेजार लागतो.

शेल्टरला द्यायचेच नाहीत असं नाही, इथल्या थंडीत आजची रात्र निघायला हवीच. पण मोठी रक्कम देण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा. भाडं उत्पन्नाच्या किती टक्के घेता (त्या चाचणीत जास्तीत जास्त ३० होतं), घरी भेटायला किती वेळा जाता, आणि परत नशा केली तर घर जातं का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर मी तिथे देणार नाही.