‘स्वस्त घरांसाठी चॅरिटी डान्स शो’चं पावतीबुक कोणी पुढे केलं तर आधी हे वाचा

डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांची मुलं डान्स क्लासला जातात त्यांनी नक्की वाचा. आमच्याकडे डान्स शोच्या नावाने जी फसवणूक झाली तीच आता दुसऱ्या नावाने परत सुरू झालीय. क्लासमधल्या एका आईने फ्लेक्सचा फोटो पाठवला, रंग तोच, सोनेरी चावीचं चित्र तेच, फक्त संस्था वेगळी. नाव इथे टाकत नाही कारण पोलिसात अर्ज दिलेला आहे, आणि तसंही नावाचा उपयोग नाही, ते दर वेळी बदलतंय. हे लोक काम कसं करतात ते सांगते.

मुलीच्या क्लासच्या मॅडमकडे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बोलणं एकदम गोड, सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचे. म्हणाले आमची संस्था गरिबांना परवडणारी घरं बांधून देते, त्यासाठी चॅरिटी डान्स गाला करतोय, तुमची मुलं नाचतील आणि त्यांच्या नाचावर कोणाच्या तरी घराची भिंत उभी राहील. आता असं कोणी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आजूबाजूचे पाच-सहा क्लास घेतले होते, भरतनाट्यम, कथ्थक, बॉलिवूड, एक लावणीचा ग्रुप. प्रत्येक मुलामागे अडीच हजार सहभाग फी, ड्रेसचं भाडं वेगळं, आणि प्रत्येक पालकाने पाचशेची दहा तिकिटं खपवायची. डान्स क्लासच्या पालकांइतकं सोपं गिऱ्हाईक जगात नसेल, मूल स्टेजवर चार मिनिटं दिसणार म्हटल्यावर आजी, आजोबा, आत्या, मामा, ऑफिसातली मैत्रीण सगळ्यांना तिकिटं चिकटवली जातात.

बरं कार्यक्रम झाला. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कार्यक्रम खरोखर झाला आणि चांगला झाला. नाट्यगृह भरलेलं, एलईडी वॉल, साउंड झकास, बॅकस्टेजला मुलांना फ्रूटी आणि सँडविच, प्रत्येकाला ट्रॉफी. मध्यंतरानंतर सत्कार, शाल-श्रीफळ, मग फोमच्या बोर्डवर छापलेला दारापेक्षा रुंद चेक आणला, त्यावर एकवीस लाख. आणि तीन बायकांना स्टेजवर बोलावून त्यांच्या हातात सोनेरी कागद चिकटवलेली हातभर लांब पुठ्ठ्याची चावी दिली, ‘लाभार्थी कुटुंबं’ म्हणून. त्यातली एक रडली, सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. नंतर कळलं तिला पाचशे रुपये आणि ती अंगावरची साडी दिली होती, स्टेजवर जाऊन चावी घ्यायची एवढंच सांगितलं होतं. तिचा काही दोष नाही, रडू मात्र खरं होतं म्हणाली, घराचं नाव काढलं की येतं.

आमचे तिकिटाचे पैसे गेले ते मी सोडून द्यायला तयार आहे, मुलं नाचली, मजा आली, संपलं. खरा डाव दुसरीकडे होता.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी ग्रुपवर सरांचा मेसेज आला होता, की हा कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे त्यांनी पण बघायला हवा ना, म्हणून बाल्कनीचे पास फुकट देतोय, तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, इस्त्रीवाले, रिक्षावाले दादा यांना आवर्जून द्या. आम्हाला सगळ्यांना भरून आलं, काय मोठा माणूस आहे वगैरे. मी आमच्या मावशींना दोन पास दिले, त्या सुनेला घेऊन आल्या. आणि बाहेर फॉयरमध्ये, वडापाव-चहाच्या काउंटरला लागूनच एक टेबल होतं, ‘घरकुल नोंदणी’ असा बोर्ड, दोन पोरं लॅपटॉप घेऊन बसलेली, समोर निळं पावतीबुक. बाल्कनीचा जिना उतरलं की बरोबर समोर ते टेबल. आत स्टेजवर चावी मिळताना बघायची आणि बाहेर येऊन नोंदणी करायची. ज्याने कोणी ही जागा ठरवली त्याचं डोकं मानायला हवं.

नोंदणीचे अकरा हजार. वांगणीजवळ प्लॉट, तीन लाखात घर, सरकारी सबसिडी अडीच लाख, बाकीचं संस्था आजच्यासारखे कार्यक्रम करून घालणार. यात मेख अशी की अडीच लाखाचा आकडा खरा आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात सरकारशी भागीदारीत बांधलेल्या घरांना केंद्राचे दीड लाख आणि आपल्याकडे राज्याचे एक लाख मिळतात. एक आकडा खरा सापडला की माणूस बाकीचे तपासत नाही. पण ती योजना अशी टेबलावर चालत नाही. अर्ज योजनेच्या सरकारी वेबसाइटवर आधार टाकून स्वतः करता येतो, वार्षिक उत्पन्न त्या गटासाठी ठरलेल्या मर्यादेच्या आत लागतं, देशात कुठेही पक्कं घर नावावर नको, आणि प्रकल्प सरकारने मंजूर केलेला हवा. म्हाडाची घरं पण तशीच, कोकण मंडळाची शिरढोण, खोणीची या योजनेतली घरं आपल्याच बाजूला आहेत, अर्ज ऑनलाइन, अनामत रक्कम थेट म्हाडाकडे, आणि आम्ही एजंट नेमलेले नाहीत हे म्हाडा दर लॉटरीला ओरडून सांगते.

मावशींनी दोन हप्त्यात अकरा हजार भरले, रोख. मला बोलल्या नाहीत कारण सरप्राइज द्यायचं होतं. काही महिन्यांनी एक कागद घेऊन आल्या, ‘ताई जरा वाचून सांगा ना, यात कितवा मजला लिवलाय?’ अलॉटमेंट लेटर होतं ते. फेज दोन, ए विंग, पुढे मजला आणि फ्लॅट नंबरच्या जागी नुसत्या टिंबांच्या ओळी. महारेरा नंबरच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीच्या जागी ‘प्रक्रियेत’. कागद मात्र जाड, वर एम्बॉस केलेला शिक्का. सरांचा फोन लावला तर बंद.

मग बसलो आम्ही, मी आणि माझा भाचा, तो एका सीएकडे आर्टिकलशिप करतो. तासाभरात सगळं उघडं पडलं, तेही घरबसल्या आणि फुकट, म्हणून चीड जास्त येते.

पावतीवर छापलेला पॅन नंबर आधी बघितला त्याने. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की पॅन कोणाचा आहे, ट्रस्टचा असेल तर ‘टी’, माणसाचा असेल तर ‘पी’. यांच्या पावतीवर ‘पी’ होतं. म्हणजे संस्थेच्या पावतीवर कोणा माणसाचा स्वतःचा पॅन. मग संस्थेचा रजिस्ट्रेशन नंबर धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर टाकला तर भलत्याच तालुक्यातल्या एका भजनी मंडळाची नोंद आली. आणि नोंद नसलेल्यांना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या कलम 41 क खाली परवानगी घ्यावी लागते, आपली गणपती मंडळं दर वर्षी घेतात ती हीच. ती पण नव्हती.

फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात ‘80जी करसवलत’ होतं. म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट. अशी खरी संस्था देणगीची माहिती इन्कम टॅक्सला भरते आणि देणगीदाराला त्याचं प्रमाणपत्र देते, नुसत्या पावतीबुकावर सवलत मिळत नाही. दोन हजाराच्या वर रोख दिलं तर तसंही मिळत नाही, आणि नव्या टॅक्स पद्धतीत असाल तर ही सवलत विसराच. ‘शासनमान्य’ हा शब्द तर मी आता जिथे बघते तिथे संशयानेच बघते, तो छापायला फक्त प्रिंटर लागतो.

क्यूआर कोडचं पण सांगते. स्कॅन केल्यावर पैसे भरायच्या आधी नाव येतं ना, तिथे संस्थेचं नाव नव्हतं, कुठल्या तरी इव्हेंटवाल्याचं होतं. एका पालकाने तिथेच विचारलं होतं तर उत्तर मिळालं ट्रस्टच्या खात्याचं केवायसी चालू आहे, तात्पुरतं यावर भरा.

वांगणीच्या प्लॉटचा गट नंबर लेटरवर होता. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा फुकट बघता येतो, बघितला, एका शेतकरी कुटुंबाची पाच-सहा नावं, संस्थेचा पत्ता नाही, जमीन शेतीचीच. जिथे पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट आहेत तिथे महारेरा नोंदणीच्या आधी जाहिरात करणं आणि बुकिंग घेणं दोन्ही कायद्याने बंद आहे. ‘प्रक्रियेत’ म्हणजे नाही, एवढाच अर्थ घ्यायचा.

आणि सगळ्यात आधी करायला हवा तो हिशोब तर पाटीवरचा आहे. नाट्यगृहात नऊशे सीट धरा, बाल्कनी फुकट दिलीच होती, तरी सगळ्या पाचशेने विकल्या असं समजू, साडेचार लाख. त्यातून भाडं, साउंड, एलईडी, ट्रॉफ्या, सँडविच. छोटंसं घर तीस चौरस मीटर कार्पेटचं धरा, म्हणजे सव्वातीनशे फूट, नुसतं बांधकाम स्वस्तात स्वस्त दोन हजार रुपये फुटाने धरलं तरी साडेसहा लाख, जमीन सोडून. म्हणजे अख्ख्या तिकीटविक्रीतून एक घर उभं राहत नाही, आणि स्टेजवर एकवीस लाखाचा चेक. तो चेक कोणाच्या नावाने होता हे मी नंतर व्हिडिओ थांबवून बघितलं, नावाच्या जागी ‘घरकुल’ लिहिलं होतं. घरकुल नावाचं खातं कुठल्या बँकेत असतं देव जाणे.

पोलिसांचं सांगायचं तर आम्ही पालक गेलो तेव्हा साहेब म्हणाले कार्यक्रम झाला ना, मुलं नाचली ना, मग फसवणूक कसली? त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं आणि सरांना हेच हवं होतं, तिकीटवाल्यांची तक्रार टिकूच नये. मॅडमचीच उलट अडचण झाली, त्यांनी पुढच्या शोसाठी स्वतःचे डिपॉझिट भरले होते आणि आता पालक त्यांनाच जाब विचारतायत, ते मला पटत नाही, त्यांचं नुकसान आमच्यापेक्षा मोठं आहे. अर्ज घेतला गेला तो निळ्या पावत्या पुढे ठेवल्यावर. मावशींच्या ओळखीतल्या बायका, दोन वॉचमन, एक भाजीवाला, असं करत पावत्यांचा गठ्ठा झाला, मग भारतीय न्याय संहितेचं कलम 318, म्हणजे पूर्वीचं 420, त्याचा विषय निघाला. ज्यांनी यूपीआयने दिले त्यांना 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पण तक्रार करायला सांगितलं, पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावला तर उपयोगाचा, समोरच्या खात्यातून पुढे गेले की अवघड होतं. रोख दिलेल्यांना तेही नाही. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात वेगळा अर्ज दिलाय. जबाब चालू आहेत, पैसे कोणालाच मिळालेले नाहीत अजून.

आत्ता जे चाललंय ते तातडीचं आहे म्हणून हे लिहायला घेतलं. निळी पावती असलेल्यांना एका नवीन नंबरवरून फोन येतायत, एक मुलगी बोलते, ‘तुमचा रिफंड मंजूर झालाय, मूळ पावती आणि अलॉटमेंट लेटर जमा करा, सात दिवसात खात्यात पैसे.’ दोघीजणी देऊन आल्या. आता त्यांच्याकडे ना पैसे, ना पावती, आणि जबाबात दाखवायला काही नाही. तुमच्या घरी, सोसायटीत काम करणाऱ्या कोणाकडे असा कागद असेल तर आजच विचारा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कोणी मागितलं तर फार तर झेरॉक्स द्या, मूळ पावती पोलिसांशिवाय कोणाच्या हातात देऊ नका, आणि तिथेही अर्जावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.