114 एमएमची दुर्बीण: खोक्यावरचे 675 पट विसरा, 1781 साल बघा

ऑनलाइन मागवलेली, 114 एमएम आरसा, 900 एमएम फोकल लेंथ (आरशापासून चित्र जुळतं तिथवरचं अंतर). आरसा झकास, स्टँड भंगार, आणि खोक्यावर 675 पट मोठं दिसतं म्हणून छापलंय ती निव्वळ थाप. 4 एमएमच्या आयपीसला (डोळ्याला लावायचं भिंग) 3 एक्स बार्लो (पट तिप्पट करणारं जोडभिंग) लावला की 900 भागिले 4 म्हणजे 225, त्याचे तिप्पट, असं हिशोबात 675 येतं खरं, पण दिसतं काय तर थरथरणारा धुरकट गोळा. एवढ्या आरशाला सव्वादोनशे पट म्हणजे डोक्यावरून पाणी.

अन् सव्वादोनशे काय कमी नाही बरं का. 13 मार्च 1781 ला इंग्लंडात बाथ गावी विल्यम हर्शेलला घरच्या बागेतून युरेनस सापडला तेव्हा सुरुवातीला त्यानं 227 पटच लावलं होतं, शंका आली तसं 460 आणि मग 932 केलं, तर बाजूचे तारे त्या हिशोबात वाढेनात अन् हा मात्र वाढत गेला. पण त्याचा आरसा सहा इंचाच्या वर, तांबं-कथलाचा, स्वतः घासलेला. धंद्यानं हा माणूस चर्चमधला ऑर्गनवादक! एकदा आरसा पॉलिश करताना 16 तास हात काढला नाही, बहीण कॅरोलाइन घास भरवत होती.

आम्ही अंबाजोगाईच्या पुढं पाहुण्यांच्या शेतात लावली, लाइट गेलेली म्हणजे आयताच अंधार. युरेनस सध्या वृषभेत, कृत्तिकांच्या जवळच. अ‍ॅपवर जागा बघून आधी 20 एमएमनं धरला मग 4 एमएम लावलं, तर हिरवट-निळी बारीक टिकली, तारे टाचणीच्या टोकाएवढे अन् ही गोल. भाचा म्हणतो, "मामा, एवढंच दिसायलंय?" अरे बाबा, सूर्याला एका फेरीला 84 वर्षं लावणारं गिऱ्हाईक आहे ते! हर्शेललाही आधी धूमकेतूच वाटला. गंमत म्हणजे त्याच 1781 मध्ये फ्रान्सात मेसिए नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं 103 धूसर ठिपक्यांची यादी पुरी केली, कशासाठी, तर लोकांनी ते धूमकेतू समजून फसू नये म्हणून. त्यातला 42 नंबर म्हणजे मृगातला तेजोमेघ, 20 एमएमनं बघा, मधले चार बारके तारे सुटे दिसतात अन् भोवती पंख पसरल्यासारखा धूर, पैसे तिथंच फिटतात.

चंद्र, गुरू, शनी मस्त, त्यावर काय लिहायचं.

आता स्टँड. नॉब अर्धा फिरवला तरी काहीच हलत नाही, मग एकदम उडी मारतो अन् ग्रह गायब. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटनं 1781 लाच दांड्याची वर-खाली हालचाल गोल फिरवायला सूर्य-ग्रह गिअर (एका दातेरी चाकाभोवती दुसरं फिरतं तो) पेटंट केला, अन् इथं आज एक स्क्रू धड फिरंना! ट्रायपॉडचे पाय पूर्ण ओढू नका, मधोमध वाळूची पिशवी बांधा, बरंच थांबतं.

आरशाला पाच स्टार, स्टँडला दोन. घेणार असाल तर 6 एमएमचं एक बरं आयपीस वेगळं घ्या, बार्लो खोक्यातच राहू द्या.